वेबसाइटवर आधी सुताराचे नाव लिहा

कार्ल्याच्या चैत्यगृहाला स्वतःची नीट वेबसाइट हवी. आणि तिच्या पहिल्याच पानावर धेनुकाकटच्या एका सुताराचे नाव हवे. सामी, वेणुवासाचा मुलगा. चैत्यगृहाचे मुख आपण घडवले, असे त्याच्या नावाने तिथल्या दगडातच कोरलेले आहे.

पर्यटनस्थळाच्या वेबसाइटचा आराखडा करायला माणसे बसली की आधी ड्रोनचा व्हिडिओ येतो. मग 'देशातील सर्वांत मोठे' हे बिरुद. मग जवळच्या रिसॉर्टची यादी. बिरुद कार्ल्याला शोभते, यात वाद नाही. सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि जवळपास तेवढेच उंच असे कातळात कोरलेले चैत्यगृह देशात दुसरे नाही. पण मापे वाचून कुणी स्तूपासमोर दोन मिनिटे जास्त थांबत नाही. हे कुणी दिले, कुणी घडवले, हे कळले की पाय थांबतात.

आणि सांगायला तिथे खूप आहे. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल व्हरांड्यातल्या लेखात सांगतो की हे शैलगृह त्याने पूर्ण केले आणि जंबुद्वीपात याहून उत्तम नाही. दोन हजार वर्षे झाली, त्याचा अभिमान अजून ताजा आहे. सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दाराचे दान दिले. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. एका भिक्षुणीच्या दानातून कोरीव कठडा उभा राहिला. आतल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावे आहेत. परदेशी वंशाची ही माणसे सह्याद्रीतल्या भिक्खूंसाठी एकेक खांब देत होती. एक खांब सोपाऱ्याच्या सातिमिताचा, आणि त्यात धातू, म्हणजे पवित्र अवशेष, ठेवल्याचा उल्लेख लेखातच आहे. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. विरार लोकलने रोज जाणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितले आहे का, की त्याच्या स्टेशनच्या गावचा एक भिक्खू कार्ल्याच्या खांबावर नाव ठेवून गेला?

हे सगळे वेबसाइटवर खांबाखांबाने यावे. खांबाचा स्वच्छ फोटो, लेखाचा जवळून काढलेला फोटो, खाली मूळ अक्षरे, त्याखाली साधा मराठी अर्थ. एवढेच. यासाठी कोट्यवधींचे कंत्राट लागत नाही. लेख वाचून, छापून शंभराहून जास्त वर्षे झाली आहेत. ते ग्रंथालयात पडून आहेत आणि खांबाखाली उभ्या असलेल्या शाळकरी पोराला ठाऊक नाहीत.

त्या पोराला काय सांगितले जाते? पांडवांनी एका रात्रीत कोरले. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. दंतकथा असावी, लोकांनी ती सांगावी, वेबसाइटनेही तिला दंतकथा म्हणून जागा द्यावी. पण दंतकथा इतिहासाच्या जागी बसली की सामी सुताराचे श्रम पुसले जातात, सिंहदत्ताचे दान पुसले जाते, आणि ज्या भिक्खुसंघासाठी हे सारे उभे राहिले तो संघच पुसला जातो. हे बौद्ध चैत्यगृह आहे. पहिल्या ओळीत, आडवळण न घेता, असे लिहा.

राजकारणही तिथे आहे, आणि ते शाळेच्या पुस्तकापेक्षा रंजक आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने करजिक हे गाव वलुरकच्या भिक्खूंना दिले. वलुरक म्हणजे हीच लेणी. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केला. राज्य बदलले, आणि नव्या राजाने मामालच्या अमात्याला आज्ञा धाडली, की हे गाव भिक्खूंकडेच राहील. मामाल म्हणजे आपला मावळ. आज्ञा देणारा राजा गौतमीपुत्र सातकर्णी असे बहुतेक अभ्यासक मानतात. शत्रूच्या घराण्याने दिलेले दान विजेत्याने चालू ठेवले, याचा पुरावा आपल्याच डोंगरात आहे. नववीच्या वर्गाला हे पान दाखवा, मुले गप्प बसून वाचतील.

आता वाटेचे. वेबसाइटने लोणावळ्यापासूनचे किलोमीटर सांगून हात झटकू नयेत. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा, एका बाजूला कार्ले, दुसऱ्या बाजूला भाजे लेणी. एका दिवसात दोन्ही होतात. त्याच लोकलवर देहूरोड लागते, जिथे बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. सातवाहनकाळातला धम्म आणि विसाव्या शतकातला धम्म एकाच रेल्वेमार्गावर आहेत. हे जोडून दाखवणारा एक नकाशा काढायला किती वेळ लागतो?

पायऱ्यांबद्दल खरे लिहा. चढ बराच आहे, शेकडो पायऱ्या आहेत, पावसात त्या निसरड्या होतात. गुडघे दुखणाऱ्या आजीला हे घरीच कळले पाहिजे, पायथ्याला पोचल्यावर नव्हे.

आणि उजेडाबद्दल लिहा, कारण ते कुणीच सांगत नाही. चैत्यगृह पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी धावत आलेला माणूस अंधुक दालन पाहून, दोन सेल्फी काढून उतरतो. दुपार कलल्यावर त्या भव्य पिंपळपानी कमानीतून ऊन आत येते, आणि खांबांवरच्या हत्तींची आणि त्यांवर बसलेल्या जोडप्यांची शिल्पे उठून दिसायला लागतात. ज्यांनी कमान कोरली त्यांनी उजेडाचा विचार करून कोरली. 'दुपारनंतर या' हे दोन शब्द पानावर असते तर कितीतरी लोकांची चक्कर सार्थकी लागली असती.

एकवीरा आईबद्दल मौन नको. चैत्यगृहाच्या तोंडाशीच तिचे मंदिर आहे. कोळी, आगरी आणि इतर अनेक घरांची ती कुलदेवता आहे. चैत्रातल्या यात्रेला आणि नवरात्रात डोंगर माणसांनी भरतो. उजवीकडचा दुसरा सिंहस्तंभ असावा आणि त्याच जागी पुढे हे मंदिर आले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तो अंदाज अंदाज म्हणूनच, शांतपणे लिहा. देवीच्या भक्ताला चैत्यगृह काय आहे ते कळू द्या, बुद्धवंदनेला आलेल्या उपासकाला यात्रेच्या तारखा कळू द्या. गर्दीच्या दिवसांची माहिती आधी मिळाली तर धक्काबुक्की कमी होईल आणि तोंडातोंडीही. दोघांपैकी एकाला लपवणारी वेबसाइट दोघांचाही अपमान करते.

आत एक गोष्ट लोकांच्या नजरेतून हमखास सुटते. वर छताच्या कमानी पाहा. त्या लाकडी आहेत. दगडात कोरलेल्या छताला बसवलेल्या या फासळ्या मूळच्या, चैत्यगृहाइतक्याच जुन्या मानल्या जातात. स्तूपावरचे छत्रही लाकडाचे. दोन हजार पावसाळे त्यांनी काढले. म्हणून आत मेणबत्ती नको, अगरबत्ती नको. हे नुसते 'सक्त मनाई' असे लाल अक्षरांत लिहून चालणार नाही. श्रद्धेने आलेल्या माणसाला कारण सांगा. लाकूड दाखवा, काजळी काय करते ते समजवा. तो स्वतःच दुसऱ्याला थांबवील. वंदना म्हणायला तर मेणबत्ती लागतही नाही, आणि त्या दालनात आवाज जसा घुमतो तसा इतरत्र घुमत नाही.

ज्यांना चढवतच नाही त्यांच्यासाठी ही वेबसाइट म्हणजेच कार्ले. त्यांच्यासाठी सावकाश चालणारी एक फेरी हवी: व्हरांड्यातले हत्ती, दार, दोन्ही बाजूंचे कोरीव शीर्षांचे खांब, मग स्तूप, मग त्याच्या मागून जाणारी प्रदक्षिणेची वाट. तिथले सात खांब साधे अष्टकोनी आहेत, त्यांवर ना हत्ती ना जोडपी. सोबत मराठीत शांत आवाजात निवेदन. ढोलताशाचे पार्श्वसंगीत नको. दिसत नसलेल्या माणसालाही नुसत्या ऐकण्यातून दालन उभे करता आले पाहिजे. पान हलके ठेवा. डोंगराच्या कुशीत नेटवर्क रडत असते आणि सगळ्यांकडे महागडा फोन नसतो. मराठी आधी, मग हिंदी, मग इंग्रजी. इंग्रजी मजकुराचे यांत्रिक भाषांतर मराठी म्हणून चिकटवू नका, हात जोडून सांगतो.

लिहिणार कोण, हा प्रश्न मला अवघड वाटत नाही. महाराष्ट्रात आज कितीतरी तरुण मुले-मुली धम्मलिपी, म्हणजे ब्राह्मी, शिकून, रविवारी डबे बांधून लेण्यांवर जातात आणि लेख वाचतात. यातली बरीच नोकरदार आहेत, काही रिक्षा चालवतात, काही शिकत आहेत. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले त्याची लेकरे आज देशातली सर्वांत जुनी अक्षरे वाचत आहेत. त्यांना बोलवा, मानधन द्या, पानावर त्यांची नावे छापा. विद्यापीठातल्या जाणकाराने मजकूर तपासावा. पायथ्याच्या वेहेरगावच्या माणसांनाही विचारा, वाट आणि गर्दी त्यांच्याइतकी कुणाला माहीत नाही.

पुरातत्त्व खात्याने यात एकच खर्च टाळू नये. उद्घाटनाच्या फोटोनंतरही कामावर राहणारा माणूस नेमावा. तिकिटाचा दर बदलला, वेळ बदलली, दरड आली, पायऱ्यांची वाट बंद झाली, तर त्याच सकाळी ते पानावर लिहायचे आणि खाली तारीख टाकायची, एवढे त्याचे काम. आषाढात पहाटेच्या लोकलने निघालेल्या माणसाला त्या ओळीइतकी गरज दुसऱ्या कशाची नाही.