मानधनातील मान आणि धन

वक्त्याला सन्मानपूर्वक दिल्या जाणाऱ्या रकमेस ‘मानधन’ म्हणतात आणि कीर्तनकारास निरोप देताना हाती ठेवली जाते तिला ‘बिदागी’. ‘स्त्री आणि समाजपरिवर्तन’ या विषयावर बोलणारे नामवंत पहिलाच शब्द पसंत करतात, कारण त्यात धनाच्या आधी मान येतो, मग बोलणी करताना हा क्रम उलटला तरी चालतो. पंडिता रमाबाईंनी १८८६ पासून अमेरिकेत व्याख्याने दिली, त्यांतून बोस्टनला साहाय्यक मंडळ उभे राहिले आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. त्या व्याख्यानांचा पैसा संस्थेकडे वळला, आजचा वक्त्याशेजारी मोटारीत बसतो. सावित्रीबाई फुले यांचे नायगाव ज्या सातारा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील रहिमतपुरात असा वक्ता त्यांच्या जयंतीला, ३ जानेवारीस, किंवा महिला दिनी, ८ मार्चला आलाच, तर समान वेतनावरील भाषण ऐकायला बसलेल्या शेतमजूर बाईचा त्या दिवसाचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, तेवढी बुडेल. परिवर्तनाचा खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर व्यासपीठावर नव्हे, समोरच्या सतरंजीवर बसलेले असते.