उलट्या पानांचे शास्त्र

टॅरोच्या पानाचा उलटा अर्थ म्हणजे कॅटमधून काढलेले पान डोके खाली आणि पाय वर अशा अवस्थेत समोर आले असता त्याला लावायचा अर्थ, एवढी व्याख्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात सापडते. परंतु त्या व्याख्येचा उंबरठा ओलांडताच नवशिक्याच्या ध्यानात येते की, विकत घेतलेली पाने ७८ असली तरी अभ्यासक्रम १५६ पानांचा आहे, आणि त्यातल्या वाढीव निम्म्या भागासाठी दुकानदाराने वेगळे काहीही दिलेले नाही.

या ७८ पानांपैकी २२ पानांना ‘मेजर आर्काना’, म्हणजे थोरली रहस्ये, असे म्हणतात आणि त्यांवर सूर्य, चंद्र, मृत्यू, मनोरा, मूर्ख अशी स्वतंत्र चित्रे असतात. उरलेली ५६ पाने ‘मायनर आर्काना’, म्हणजे धाकटी रहस्ये, होत. ती दंड, चषक, तलवारी आणि नाणी अशा चार रंगांत विभागलेली असून प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा आणि पेज, नाइट, राणी, राजा अशी चार दरबारी पाने असतात. रमी आणि झब्बूवर पोसलेल्या बुद्धीला इथपर्यंत काहीच जड जात नाही. गुलामाच्या जागी पेज आणि नाइट असे दोन हुद्दे झाले, एवढी खातेवाढ तिला सहज पचते.

अडचण सुरू होते ती पहिल्या सिद्धान्तापासून. उलटे म्हणजे विरुद्ध, हा तो सिद्धान्त होय, आणि तो इतका सरळ आहे की प्रत्येक नवशिका तो स्वतःच शोधून काढल्याच्या आनंदात किमान एक संध्याकाळ घालवतो. आज सर्वाधिक प्रचारात असलेला कॅट १९०९ मध्ये लंडनच्या रायडर या प्रकाशनसंस्थेने काढला. त्यातील चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांनी रेखाटली, कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची होती, आणि त्यावरचा मार्गदर्शक ग्रंथही वेट यांनीच लिहिला, त्यामुळे सिद्धान्ताची परीक्षा तेथेच घेणे न्याय्य ठरते. सुलटा सूर्य समाधानाचा, तर उलटा सूर्य दुःखाचा असावा, अशी अपेक्षा घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला वेट सांगतात की अर्थ तोच, फक्त जरा कमी. दंडांच्या चौकीवर फुलांच्या माळा बांधलेले चार खांब आणि उत्सवाची लगबग दिसते. ती उलटी आली तर काय, याचे उत्तर असे की अर्थात काहीही फरक पडत नाही. चषकांच्या अठ्ठीत एक मनुष्य मांडून ठेवलेले आठ पेले सोडून डोंगराकडे निघालेला दिसतो, आणि पान उलटताच महान आनंद व मेजवानी असा अर्थ निघतो, म्हणजे येथे सिद्धान्त जवळजवळ सिद्ध होतो. तोवर दैवचक्राचे पान येते, जे सुलटे असता भाग्य दाखवते आणि उलटे असता वृद्धी, विपुलता, किंबहुना गरजेपेक्षा जास्त असे काही दाखवते, आणि सिद्धान्त पुन्हा बारगळतो. नाण्यांची सत्ती उलटी आली तर कोणाला उसने देण्याचे मनात असलेल्या पैशांबद्दल काळजीचे कारण आहे, असे समजावे, असा निर्वाळा आहे. हातउसने देण्याची रीत ज्या समाजात आहे तेथे ही सूचना पान सुलटे असतानाही, किंबहुना पान न काढताही लागू पडते.

उलट्या अर्थांना प्राचीन परंपरा असेल, या समजुतीने नवशिका इतिहासाकडे वळला तर तेथे त्याला आणखी मोठा धक्का बसतो. टॅरोचा कॅट पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि आसपासच्या दरबारांत जन्मला तो निव्वळ खेळण्यासाठी, आणि फ्रान्स व ऑस्ट्रियात त्या पानांनी आजही डाव मांडले जातात. खेळाडूच्या लेखी उलट्या पानाचा अर्थ एकच, तो म्हणजे ते सुलटे करून हातात लावणे. मात्र हातातले पान कोणी फिरवू लागला की त्याच्याकडे चित्राचे पान आले आहे हे समोरच्याला कळते, म्हणून पुढे पत्ते छापणाऱ्यांनी राजा-राणीला दोन्ही टोकांना डोकी देऊन प्रश्नच मिटवला. व्यवहारी माणसांनी जो उलटेपणा गैरसोय म्हणून काढून टाकला, तोच गूढवाद्यांनी ज्ञान म्हणून जपून ठेवला, ही गोष्ट अभ्यासकाने नोंदवून पुढे जावे हे बरे.

१७८१ मध्ये आंत्वान कूर द जेब्लँ या फ्रेंच पंडिताने आपल्या बहुखंडी ग्रंथाच्या आठव्या खंडात असे जाहीर केले की, टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचे गुप्त ज्ञान आहे. इजिप्तची चित्रलिपी शांपोलियाँने उलगडली ती १८२२ मध्ये, त्यामुळे हे विधान खोटे ठरवण्याची सोय त्या वेळी कोणाकडेच नव्हती, आणि विद्वत्तेला यापेक्षा अनुकूल हवामान क्वचितच लाभते. याच पंडिताने ‘हँग्ड मॅन’ या पानाचाही निकाल लावला. या पानावर एका पायाने टांगलेला, डोके खाली असलेला मनुष्य असतो. कूर द जेब्लँच्या मते तो मुळात विवेकाची मूर्ती म्हणून एक पाय पुढे टाकण्याच्या बेतात सरळ उभा होता आणि अडाणी पत्तेकाराने त्याला उलटा छापला, म्हणून त्याने आपल्या ग्रंथातील चित्रात त्याला पायांवर उभा केला. तेव्हा नवशिक्याने लक्षात ठेवावे की, हे पान सुलटे असते तेव्हा मनुष्य उलटा असतो, उलटे असते तेव्हा मनुष्य सुलटा होऊन एका पायावर नाचत असल्यासारखा दिसतो, आणि एका विद्वानाच्या मते त्याची सुलटी अवस्था हीच उलटी आहे. वेट यांनी उलट्या पानाला स्वार्थ, गर्दी आणि राज्यसंस्था हे अर्थ दिले आहेत. एकट्याने टांगलेल्या माणसाला फिरवताच गर्दी कशी जमते, याचा खुलासा केलेला नाही.

उलट्या अर्थांना शिस्त लावण्याचे श्रेय मात्र जाँ-बातिस्त आलिएत या पॅरिसवासीयाकडे जाते. त्याने १७७० मध्ये साध्या पत्त्यांवरून भविष्य पाहण्याचे पुस्तक छापले आणि त्यात प्रत्येक पानाला एक सुलटा व एक उलटा असे अर्थ नेमून दिले. पिके नावाच्या खेळाचा कॅट अवघा ३२ पानांचा असल्याने मनुष्यजन्माच्या सगळ्या भानगडी तेवढ्यात बसवणे कठीण होते, आणि पाने न वाढवता अर्थ दुप्पट करण्याचा याहून स्वस्त मार्ग नव्हता. पुढे हीच पद्धत त्याने टॅरोलाही लावली. या ग्रंथकाराने धारण केलेले टोपणनाव एतेला हे होते, आणि ते त्याने आपल्याच आडनावाची रोमन अक्षरे शेवटाकडून आरंभाकडे मांडून तयार केले होते. ज्याने पाने उलटी वाचायला शिकवले तो स्वतःही उलटाच वाचायचा होता. इतकी निष्ठा आपल्या विषयावर फार थोड्या शास्त्रकारांनी दाखवली आहे.

मराठी नवशिक्याला या टप्प्यावर वक्री ग्रहाची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि उलटे पान म्हणजे वक्री पान असे समीकरण तो आनंदाने मांडतो. ते टिकत नाही. शनी वक्री कधी होणार हे पंचांगात आधीच छापलेले असते आणि तो कोणाच्याही हातून वक्री होत नाही. पान मात्र मनगटामुळे उलटे होते. नव्या खोक्यातून निघालेली सर्व पाने एकाच दिशेने लावलेली असतात, आणि अर्धा कॅट फिरवून न घेता कितीही वेळ पिसत राहिले तरी त्यात एकही उलटे पान शिरू शकत नाही, म्हणजे सावधपणे पिसणाऱ्याच्या नशिबी जन्मभर सुलटेच योग येतात. पालथे पान उताणे करण्याचेही दोन प्रकार आहेत. ते आडव्या अंगाने उताणे केले तर वरची बाजू वरच राहते. भिंतीवरच्या कालनिर्णयाचे पान खालून उचलून वर टाकतात तसे टाकले तर वरचे खाली येते आणि नोकरीतील बढतीचे प्रकरण विलंबात जाते. त्यात पृच्छक, म्हणजे प्रश्न विचारायला आलेली व्यक्ती, समोर बसलेली असल्यामुळे जे पान वाचणाऱ्याला सुलटे दिसते ते तिला उलटे दिसते, आणि पैसे देणाऱ्याची बाजू धरावी की विद्या शिकलेल्याची, या प्रश्नावर रूढी विद्या शिकलेल्याच्या बाजूने उभी आहे. सावंतवाडीच्या गंजिफाची पाने गोल असतात, त्यांना कोपराच नाही. टॅरोची पाने आयताकृती केल्यामुळे काय काय ओढवून घेतले गेले, याची कल्पना त्या गोल पानांकडे पाहून येते.

या सर्व कटकटीला कंटाळलेली घराणीही आहेत. लंडनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढमंडळाने पानाची बरी-वाईट बाजू शेजारच्या पानांच्या तत्त्वांवरून, म्हणजे अग्नी, जल, वायू आणि पृथ्वी यांच्या मैत्री-वैरावरून ठरवण्याची रीत पाडली. शेजाऱ्यांवरून माणसाची पारख करण्याची ही पद्धत कोणत्याही वाड्यात सहज समजली असती. याउलट मेरी ग्रीअर यांनी २००२ मध्ये केवळ उलट्या पानांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहून ती वाचण्याच्या बारा तऱ्हा सांगितल्या, ज्यांत अडलेली शक्ती, विलंब, स्वतःचा दोष दुसऱ्यावर ढकलणे अशा वाटा येतात. बारा तऱ्हा हाती आल्यानंतर नवशिक्याच्या प्रगतीला वेग येतो. स्वतःच्या प्रश्नावर कोसळत्या मनोऱ्याचे पान उलटे आले तर संकट तेच पण सौम्य, ही तऱ्हा तो निवडतो. तेच पान मेहुण्याच्या प्रश्नावर आले तर त्याला दडपशाही आणि कैद हे अर्थही वेट यांनीच दिलेले असल्याचे स्मरते, आणि दोन्ही वेळा त्याचा आधार छापील असतो.

बहुतेक शिक्षक पहिल्या वर्षी उलटी पाने बाजूला ठेवावीत आणि उलटे आलेले पान गुपचूप फिरवून सुलटे वाचावे, असा सल्ला देतात. नवशिका तो ऐकतो, पटल्यासारखे दाखवतो, आणि घरी येऊन पाने आडव्या अंगाने उताणी करण्याचा सराव करू लागतो. कालनिर्णयाची पद्धत तो पाहुण्यांसाठी राखून ठेवतो.