रिंगोचं वकीलपत्र

रिंगोवाला, म्हणजे बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार याचा भक्त, ओळखायला वेळ लागत नाही. कुणाच्या तरी घरी गप्पा रंगलेल्या असतात, मागे बीटल्स लागलेले असतात, पॉल मॅकार्टनी जीव तोडून गात असतो आणि सोफ्याच्या टोकाला बसलेले एक गृहस्थ एकदम हात वर करून सगळ्यांना गप्प करतात. 'आता ऐका हं... आता... हे बघा!' आपण कान टवकारतो. काहीच होत नाही. गाणं आपलं पुढे जातं. गृहस्थांचा चेहरा मात्र उजळलेला. 'आलं लक्षात? काहीही वाजवलं नाही त्याने! दुसरा कुणी असता तर इथे धडाधड चार दणके घातले असते.' न घातलेल्या दणक्यांना दाद देणारा रसिक जगात हा एकच.

वय पन्नाशीच्या बरंच पुढे. मुक्काम पार्ल्यात, डोंबिवलीत किंवा कोथरूडला. नोकरी बँकेत नाहीतर विम्यात, आता निवृत्त. तरुणपणी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेल्या तबकड्या अजून कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली कुठे असते ते सुनेला माहीत नाही. बीटल्सचे भक्त तसे पोत्याने मिळतात. जॉन लेननवाले क्रांतीबिंतीबद्दल बोलतात, पॉलवाले नुसते गुणगुणतात, जॉर्जवाले सतारीच्या आणि रविशंकरांच्या आधाराने बीटल्स जवळजवळ आपलेच असल्याचं सिद्ध करतात. या तिघांचं सगळं प्रेमापुरतं असतं. रिंगोवाल्याने मात्र वकीलपत्र घेतलेलं असतं, तेही अशिलाने न मागता.

'अंडररेटेड आहे हो तो,' हे त्याचं पालुपद. पूर्वी घरोघरी 'सख्ख्या भावांनी फसवलं हो त्याला' हे ज्या आवाजात सांगायचे, तोच हा आवाज.

खटल्याचं कामकाज बहुधा डायनिंग टेबलावर चालतं. पहिला मुद्दा डावखुरेपणाचा. रिंगो मूळचा डावखुरा. पण लिव्हरपूलच्या त्याच्या आजीला डावरेपणा अशुभ वाटायचा, म्हणून तिने नातवाला उजव्या हाताने लिहायला लावलं. पुढे त्याने ड्रमही उजव्या माणसासाठी मांडलेलेच वाजवले. 'मग त्याने काय झालं?' असं कुणीही विचारलेलं नसताना रिंगोवाला उठून मांडामांड करतो. पोळ्यांचा डबा म्हणजे स्नेअर, भाताचं पातेलं म्हणजे टॉम, आणि उजव्या अंगाला आमटीचं पातेलं, तो मोठा फ्लोअर टॉम. 'उजवा माणूस कसा जाणार? असा.' चमचे डब्यावरून भातावर आणि भातावरून आमटीवर सरसर जातात. 'आता रिंगो बघा. त्याचा डावा हात आधी उठणार. मग हातात हात अडकू नये म्हणून त्याला मध्ये किंचित थांबावं लागतं. अर्धा श्वास. तो अर्धा श्वास म्हणजे रिंगो!' एवढं बोलून तो डावा हात आधी उचलतो आणि तो सरळ आमटीत जातो. 'आजीचं बरोबर होतं,' असं म्हणत बायको फडकं आणायला आत जाते.

फडकं येतं, तर तोही पुरावाच निघतो. बीटल्सच्या शेवटच्या काळात रिंगो ड्रमवर भांडी पुसायची फडकी पसरायचा. त्यामुळे आवाज घुमत नाही, जागच्या जागी ठप्प बसतो. 'कम टुगेदर' ऐका म्हणजे कळेल. मग 'रेन' ऐकायचं. हे १९६६ चं गाणं, आणि आपलं सगळ्यात चांगलं वादन यातच झालं असं खुद्द रिंगो सांगत आलाय. गाणं 'पेपरबॅक रायटर'च्या तबकडीवर मागच्या बाजूला होतं. 'बघा!' रिंगोवाला म्हणतो, 'तेही मागच्याच बाजूला!' अन्याय शोधायचा म्हटला की तो तबकडीच्या पाठीवरही सापडतो.

एखादा पुतण्या मोबाइलमध्ये डोकं घालून मध्येच म्हणतो, 'काका, 'टिकेट टू राइड'मधला तो ठेका तर पॉलने सुचवला होता. लेननने सांगितलंय.' काका क्षणभर थांबतात. 'सुचवायला काय जातंय? वाजवला कुणी?'

खरं सांगायचं तर मुद्द्यात काका बरोबरच असतात, आणि तीच अडचण आहे. चुकीच्या माणसाला हसून गप्प करता येतं. बीटल्सच्या रेकॉर्डिंगचा बारकाईने अभ्यास केलेले मार्क लुइसन म्हणतात की रिंगो चुकला म्हणून टेक थांबवावा लागला, असं आठ वर्षांत डझनभर वेळाही झालं नाही. बाकीचे तिघे चुकायचे, अडायचे, वाद घालायचे आणि हा पहिल्यापासून पुन्हा तोच ठेका तितक्याच इमानाने धरायचा. 'अ डे इन द लाइफ'मध्ये लेननच्या ओळींमधल्या मोकळ्या जागांत त्याचे ड्रम असे येतात की गाणाऱ्याने काही विचारावं आणि कुणीतरी हलक्या आवाजात उत्तर द्यावं. बीटल्सच्या सगळ्या गाण्यांत मिळून त्याचा एकच सोलो आहे, १९६९ च्या 'द एंड'मध्ये, आणि तोही त्याच्या गळ्यात पडून करून घेतलेला. ज्या काळात बाकीचे ड्रमर दहा-दहा मिनिटं घाम गाळत सोलो बडवत होते, त्या काळात हा माणूस नको नको म्हणत पंधरा-सोळा सेकंदांत मोकळा झाला. रिंगोवाला ते सेकंद दहा मिनिटं समजावून सांगतो.

शेजारी एक शास्त्रीयवाले राहतात. त्यांच्याशी त्याचं जुनं वैर. 'ठेका काय कोणीही धरतो,' शास्त्रीयवाले म्हणतात, 'तबल्यावर आमचे अल्लारखाँ ऐका.' रिंगोवाला याचीच वाट बघत असतो. '१ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बांगलादेशसाठीचा कार्यक्रम. तुमचे अल्लारखाँ आणि आमचा रिंगो, दोघंही होते!' शास्त्रीयवाले पानाची देठं खुडत म्हणतात, 'कार्यक्रमात मांडववालाही असतो.' त्या रात्री रिंगोच्या शेजारी जिम केल्टनर नावाचा दुसरा ड्रमर बसला होता, ही गोष्ट रिंगोवाला या घरात कधीही काढत नाही.

त्याचं रक्त खरं उसळतं ते एका विनोदावर. रिंगो जगातला सर्वोत्तम ड्रमर आहे का, असं विचारल्यावर लेनन म्हणाला होता की तो बीटल्समधलाही सर्वोत्तम नाही, हा तो विनोद. सांगणाऱ्याला हसू फुटायच्या आत रिंगोवाला उभा राहतो. लेनन असं कधीच म्हणाला नाही. तो वारला डिसेंबर १९८० मध्ये आणि विनोद सापडतो तो १९८१ आणि १९८३ च्या ब्रिटिश रेडिओ-टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत. तारखा अशा तोंडपाठ की स्वतःच्या लग्नाची तारीख विचारायचा मोह होतो. कुणी तो करू नये.

मग अशिलाचं हालअपेष्टांचं चरित्र सुरू होतं. सहाव्या वर्षी पोटाचं भयंकर दुखणं, तेराव्या वर्षी क्षय, आणि सॅनेटोरियममध्ये वेळ जावा म्हणून हाती आलेले ड्रम. ऑगस्ट १९६२ मध्ये बीटल्समध्ये घेतलं आणि लगेच सप्टेंबरात 'लव्ह मी डू'साठी निर्मात्याने अँडी व्हाइट हा भाडोत्री ड्रमर बसवला. रिंगोच्या हातात काय दिलं? खंजिरी. हे वाक्य रिंगोवाला खाली मान घालून म्हणतो. १९६८ मध्ये रिंगो रुसून बँड सोडून गेला आणि सार्डिनियात नट पीटर सेलर्सच्या बोटीवर जाऊन राहिला. तिथे कप्तानाने ऑक्टोपस समुद्राच्या तळाशी दगडगोटे गोळा करून बाग सजवतात असं सांगितलं, त्यावरून त्याने 'ऑक्टोपसेस गार्डन' लिहिलं. परत आला तर बाकीच्यांनी त्याचे ड्रम फुलांनी मढवून ठेवले होते. इथे रिंगोवाल्याचा आवाज घोगरा होतो. मराठी माणसाला रुसवा काढणं फार भावतं.

त्याच वर्षीच्या हृषीकेशच्या मुक्कामाबद्दल मात्र तो बचावाच्या पवित्र्यात जातो. महर्षी महेश योगींच्या आश्रमात बाकीचे कित्येक आठवडे राहिले, रिंगो दहा-बारा दिवसांत परतला, शिवाय जाताना डबाबंद बीन्सची सूटकेस घेऊन गेला होता. 'अहो, लहानपणापासून पोट नाजूक होतं त्याचं. हे कोणी बघत नाही.' हे मात्र ऐकणाऱ्यांना लगेच पटतं. परमुलखात खाण्याचे हाल होऊ नयेत म्हणून काय काय बांधून न्यावं, यावर चर्चा वळते आणि बीटल्स अर्धा तास बाजूला पडतात.

७ जुलैला रिंगोचा वाढदिवस. त्या दिवशी दुपारी बाराला जगभरच्या चाहत्यांनी 'पीस अँड लव्ह' म्हणावं अशी रिंगोची इच्छा असते. रिंगोवाला नेमका त्या वेळी दूधवाल्याचा हिशेब करत असला तरी थांबतो, दोन बोटं वर करतो आणि म्हणतो. दूधवाला दोन लिटर समजतो.

इतक्या निष्ठेच्या माणसाला रिंगोचा सन्मान झाला की आनंद व्हायला हवा. तसं होत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये रिंगोला स्वतःच्या नावावर स्थान मिळालं, तेव्हा रिंगोवाला म्हणाला, 'किती उशीर केला!' २०१८ मध्ये रिंगो 'सर' झाला. 'पॉलला १९९७ मध्येच केलं होतं.' रोलिंग स्टोन मासिकाने सर्वकालीन शंभर ड्रमरच्या यादीत त्याला चौदावा क्रमांक दिला, त्या दिवसासारखा उत्साह मी रिंगोवाल्याच्या चेहऱ्यावर दुसऱ्या कशाने पाहिला नाही. चौदावा! आठवडाभर फोन चालू होता. पहिला दिला असता तर घरात सुतक धरलं असतं याबद्दल मला शंका नाही. वकिलाला निकाल नको असतो, तारीख हवी असते.

ड्रमरभक्तांच्या याच जातीचे पोटभेद आहेत. चार्ली वॉट्सवाला २००३ मध्ये ब्रेबर्नवर रोलिंग स्टोन्स ऐकायला गेला आणि गाणारा जॅगर कुठल्या रंगाच्या कपड्यांत होता ते त्याला आजही सांगता येत नाही, कारण स्नेअर वाजवताना चार्ली हाय-हॅटवरून उजवा हात कसा उचलतो तेवढंच तो बघत होता. लॅरी मुलनवाला सांगतो की १९७६ मध्ये डब्लिनच्या शाळेत सूचनाफलकावर कागद लॅरीने लावला, म्हणजे यू-टू हा मुळात त्याचाच बँड, बोनो नंतर आला. निक मेसनवाले फारसे बोलत नाहीत. पिंक फ्लॉइडचं गाणं संपायलाच इतका वेळ लागतो.

रिंगोवाल्याची खरी पंचाईत होते ती पीट बेस्टवाला भेटला की. पीट बेस्ट म्हणजे रिंगोच्या आधी दोन वर्षं बीटल्सचा ड्रमर. हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवलं आणि १६ ऑगस्ट १९६२ ला मॅनेजरने बोलावून घरी पाठवलं. बाकीचे तिघे तोंड दाखवायलाही आले नाहीत.

'जन्म मद्रासचा, १९४१. आपला माणूस,' पीटवाला सुरुवात करतो.

'मद्रासला जन्मून ड्रम येतात का?'

'अन्याय झाला हो त्याच्यावर. फार अंडररेटेड.'

स्वतःचा शब्द दुसऱ्याच्या तोंडी ऐकून रिंगोवाला ताठ होतो. 'हे बघा, ते प्रकरण १९६२ सालीच निकालात निघालंय. जुनी मढी उकरू नयेत.'

पीटवाला अजिबात चिडत नाही. १ जानेवारी १९६२ ला डेक्का कंपनीने बीटल्सची परीक्षा घेतली, त्याचं रेकॉर्डिंग लावतो.

'ठेका पळतोय,' रिंगोवाला.

'पळत नाहीये. तरुण आहे. आणि डेक्काने नाकारलं ते चौघांना, एकट्या पीटला नाही,' असं म्हणून पीटवाला पिशवीतून कात्रणांची फाइल काढतो, जाड, सुतळीने बांधलेली. रिंगोवाला घड्याळ बघतो, कुणाला तरी औषध द्यायचं राहिल्याचं पुटपुटतो आणि बीटल्सवरच्या चर्चेतून जन्मात पहिल्यांदा जेवणाआधी उठतो.