पायताण मिलानला गेलं

जून 2025 मध्ये प्राडाच्या मिलानच्या शोमध्ये मॉडेलांच्या पायात कोल्हापुरी दिसलं आणि आपला स्वाभिमान खडबडून जागा झाला. तोवर तो कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत घासाघीस करत होता. "आठशे? पाचशेत द्या की, कायमचं गिऱ्हाईक हाय." कारागिरानं कातडं कमावून, हातानं वेणी विणून, चामड्याच्याच वादीनं टाके घालून केलेला जोड आम्ही वांगी निवडल्यासारखा उलटापालटा करतो, नाक मुरडतो आणि दुकानाची पायरी उतरतो. दुकानातल्या मामांनी परत हाक मारावी, ही अपेक्षा.

2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. चार जिल्हे महाराष्ट्राचे, चार कर्नाटकाचे. सीमाभागात इतकं एकमत झालं, तरी त्या दिवशी स्टेटस काही कुणी ठेवलं नाही! प्राडानं मात्र आधी नाव टाळलं, मग ओरडा झाल्यावर प्रेरणा कबूल केली आणि 2025 च्याच डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार जाहीर केला. दोन हजार जोड, किंमत सुमारे 800 युरो. रुपयांत हिशेब करू नये, बीपी वाढतं.

इकडे फॅशनवाल्यांनी आजोबांची कापशी चप्पल माळ्यावरून उतरवली आहे. व्हिंटेज म्हणे! वर्षानुवर्षं तेल न दिसल्यानं ती टाच सोलते, पण रीलमध्ये टाच कुठं दिसते? नवीन घेणारेही वाढलेत.

"मामा, ही प्राडासारखी आहे ना?"

"न्हाई ताई," मामा मान वर न करता म्हणाले, "ही करकर वाजती."