अडीच माणसांची सायकल

(रिकामं बाक. नट एका बाजूला झुकत, जड वस्तू सांभाळत येतो.)

हा आपला घडीवाला. राहणार डोंबिवली पूर्व, नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेटला. ठाणं वेळेवर येतं, पण ठाण्याला रिक्षा येत नाही. एका रिक्षावाल्याने एकदा मान न वळवता, नुसती भुवई उडवून ‘नाही’ म्हटलं. घडीवाल्याने त्याच रात्री लंडनच्या भाच्याला फोन लावला. दिवाळीला भाचा आला, सोबत घडीची सायकल आली, ब्रॉम्प्टन.

अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनिअरने 1970च्या दशकात लंडनमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून ही सायकल घडवली. समोर ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च, म्हणून नाव ब्रॉम्प्टन. डोंबिवलीत हाच नियम लावला असता तर सायकलचं नाव ‘समोरच्यांचा टॉवेल’ पडलं असतं.

चाकं 16 इंची. मागचं चाक पोटाखाली, पुढचं कुशीला, सीट खाली, हँडल आडवं. झाली घडी! लंडनमध्ये म्हणतात, ‘किती लहान!’

आता आपलं गणित. (खिशातून खडू काढतो.) घडीची लांबी साडे-58 सेंटिमीटर, रुंदी 27. आपल्या रेल्वेच्या इंजिनिअरांनी गर्दीला एक खास नाव दिलंय, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. म्हणजे उभ्याच्या एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं. 14 धरली तर ही सायकल सव्वादोन माणसांची जागा खाते. 16 धरली तर अडीच. आपण 16 धरू, डोंबिवलीचे आहोत.

म्हणजे घडीवाला फलाटावर एकटा नसतो. साडेतीन जण असतात. पासावर एक.

लोकल आली. चढला, म्हणजे चढवला गेला. पाय फुटबोर्डला लागले नाहीत, सायकल कोणाच्या तरी डब्याच्या पिशवीवर. वजन 12 किलोच्या आसपास. आणि आतून, नाकातून, तो आवाज :

‘केवढ्याला?’

हे खिडकीकाका. डोंबिवलीहून डाऊन गाडीने उलटे कल्याणला जाऊन, खिडकी धरून रिटर्न मारून आलेले. घडीवाल्याने हळूच आकडा सांगितला. ‘काय? एवढ्यात स्कूटर आली असती!’ अख्खा डबा वळला. सुपर डेन्समध्ये वळला, विचार करा!

मध्ये एकदा घडीवाला सासुरवाडीला बोरिवलीला गेला. तिथल्या 2अ आणि 7 या मेट्रो मार्गांवर सायकल डब्यात नेता येते. अख्खी, घडी न घालता. शेजारी एक पोरगा साधी, उभी सायकल धरून उभा. त्याने विचारलं, ‘काका, मोडलीय का?’

मग एक दिवस उशीर झाला आणि घडीवाला मालडब्यात शिरला. आत डबेवाले. डोक्यावर पांढरी टोपी, पायाशी डब्यांनी भरलेला लांबलचक क्रेट. 1890पासून चाललेलं काम. घरून डबा गोळा करणारा एक, शहरात पोचवणारा दुसरा. एकाची सायकल या टोकाच्या स्टेशनाबाहेर, दुसऱ्याची त्या टोकाच्या. गाडीतून जातो तो फक्त डबा. घडीवाला बघत राहिला. घडी नाही, बिजागरी नाही, लंडनचा भाचा नाही. क्रेट उतरवताना त्यांतल्या एकाने घडीवाल्याची सायकलही उचलून फलाटावर ठेवली, न सांगता, न बोलता. घडीवाल्याचा गळा दाटून आला. (खरंच थांबतो.) माणसं अजून...

‘केवढ्याला, साहेब?’

(वैतागून बाकावर बसतो.)

सोमवारी गर्दीने त्याला दारातून उचललं आणि थेट खिडकीकाकांच्या कंपूत नेऊन ठेवलं. दोन बाकांच्या मधे सायकल. काकांनी ती न्याहाळली. वर पेपर पसरला. पत्ते पिसले.

‘उंचीला बरी आहे हो!’

त्या दिवसापासून सायकलला रोज बसायला जागा मिळाली. घडीवाल्याला चौथी सीटसुद्धा नाही. मुंब्रा गेलं, कळवा गेलं.

‘काका, ठाणं आलं. उतरायचंय.’

‘डाव अर्ध्यावर आहे!’

‘काका, ऑफिस...’

‘एवढं काय त्यात? दादरला उतरा आणि या की मागे! 25 किलोमीटर तर आहे. सायकल आहे ना तुमच्याकडे?’

(अंधार. काळोखात घंटी.)