प्लेसमेंटभाऊ

नागपुरात भाऊंना तोटा नाही. पानठेल्यावरचा भाऊ, नगरसेवकाच्या मागेपुढे करणारा भाऊ आणि कोणाचाच कोणी नसलेला, नुसताच भाऊ. यांत गेल्या काही वर्षांत प्लेसमेंटभाऊची भर पडली आहे. हिंगणा, वानाडोंगरी, काटोल रोड, कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या गेटवर उभे राहा, एक तरी भेटेल. ओळखायची खूण सोपी आहे: त्याला नोकरी लागलेली असते आणि तो घरीच असतो.

भाऊ मुळात सिव्हिलचा. तीन वर्षं काँक्रीटचे ठोकळे फोडून पाहिले आणि सातव्या सेमिस्टरला, ऑगस्टच्या घामट दिवसांत, कॉलेजात 'मास रिक्रूटर' आला, म्हणजे घाऊक भरती करणारी आयटी कंपनी. या मंडळींना शाखेशी देणंघेणं नसतं. दहावी, बारावी आणि बीई, तिन्हीकडे 60 टक्के हवेत आणि अंगावर 'लाइव्ह बॅक', म्हणजे न सुटलेला विषय, नको, एवढीच अट. भाऊनं सीताबर्डीवरून टाय आणला, रूममेटचा ब्लेझर घातला (त्या दिवशी त्याच ब्लेझरनं आणखी चौघांच्या मुलाखती दिल्या) आणि आत गेला.

आत नक्की काय झालं याच्या आवृत्त्या आहेत. त्या दिवशी बाहेर आल्या आल्या त्यानं सांगितलं, की पॅलिन्ड्रोमचा प्रोग्राम विचारला, अर्धा आला आणि सोडून दिलं. दिवाळीपर्यंत समोर तिघांचं पॅनेल बसलं होतं. होळीपर्यंत त्यातल्या मुख्य साहेबांनी उठून हात मिळवला आणि म्हटलं, "वुई नीड पीपल लाइक यू." एक प्रश्न मात्र सगळ्या आवृत्त्यांत कायम आहे. "रिलोकेट व्हाल का?" यावर भाऊ ताडकन म्हणाला, "येस सर, एनीव्हेअर इन इंडिया!" हाच मुलगा मावशीकडे कामठीला जायचं म्हटलं की 'लय दूर पडते' म्हणायचा.

ऑफर लेटर आलं. बाबांनी त्याची रंगीत प्रिंट काढली, लॅमिनेशन केलं आणि टेकडीच्या गणपतीच्या पायाशी ठेवून आणली. यवतमाळच्या काकांचा लगोलग फोन. "पॅकेज किती रे?" साडेतीन लाख. बाबांनी बाराने भागलं आणि एकोणतीस हजार हा आकडा नऊ ठिकाणी सांगून टाकला. हातात पंचवीसच्या आत येणार, हे भाऊनं नंतर हळूच सांगितलं. पीएफमधला कंपनीचा वाटा पॅकेजमध्येच धरलेला, आणि पाच वर्षं टिकला तर मिळणारी ग्रॅच्युइटीसुद्धा आजच मोजलेली. 2010 च्या आसपास पास झालेला मामेभाऊ म्हणतो, तेव्हाही तीन-सव्वातीनच होते. तेवढ्या काळात तर्री-पोह्यांची प्लेट कुठल्या कुठे गेली, फ्रेशरचा पगार आहे तिथेच उभा.

तोही अजून हातात पडायचा आहे. 'जॉइनिंगची तारीख व्यवसायाच्या गरजेनुसार कळवण्यात येईल' असा मेल येतो, आणि ती गरज काही उत्पन्न होत नाही. भाऊ एकटा नाही. 2022 ला पास झालेल्या कितीतरी पोरांनी देशभर दोन-दोन वर्षं अशी काढली. 2024 मध्ये त्यांची तक्रार केंद्रीय श्रम मंत्रालयापर्यंत पोहोचली होती. दरम्यान दुसरीकडे प्रयत्न करावा म्हटलं तर 'एक विद्यार्थी, एक नोकरी' हा कॉलेजचा नियम. प्लेस झालेल्यानं पुढच्या कंपनीला बसायचं नाही. म्हणजे कंपनी बोलवत नाही आणि कॉलेज दुसरीकडे बसू देत नाही. गल्लीतल्या एका छोट्या फर्मनं बारा हजारांवर उद्यापासून ये म्हटलं, तेव्हा भाऊच छाती काढून म्हणाला, "मी प्लेस्ड आहे ना काका."

मग प्लेस्ड माणूस दिवसभर करतो काय? सकाळी मेल पाहतो, स्पॅम पाहतो, पुन्हा मेल पाहतो. संध्याकाळी पाठीला लॅपटॉपची बॅग लावून परसोडीच्या आयटी पार्कला जातो. तिथल्या रस्त्यावर ठेले लागतात, कंपन्यांतली खरी माणसं गळ्यात ओळखपत्रं अडकवून चहाला येतात. भाऊच्या गळ्यातही पट्टा असतो. तो कॉलेज फेस्टचा आहे, पण कार्ड शर्टच्या खिशात सरकवलं की पट्टा तेवढा दिसतो. इथेच त्याचा दरबार भरतो.

"भाऊ, जावा करू का पायथन?"

"पहिले अ‍ॅप्टी कर बे. कोडिंग कोण पाहून राहिलं?"

"पण भाऊ, एआयनं नोकऱ्या जाऊन राहिल्या म्हणते."

"जायासाठी पहिले लागली तर पाहिजे ना बे!"

सगळे हसतात. भाऊही हसतो, आणि लगेच मोबाइल काढून मेल पाहतो.

तो मॉक इंटरव्ह्यूही घेतो. एका ज्युनिअर मुलीला त्यानं अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास आणि इंटरफेसमधला फरक विचारला. तिनं उदाहरणासकट सांगितला. बरोबर की चूक, हे भाऊला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. पण त्यानं मान तिरकी करून म्हटलं, "उत्तर ठीक आहे. कॉन्फिडन्स कमी पडून राहिला." ती मुलगी पुढे मिहानमधल्या एका कंपनीत लागली. खापरीपर्यंत मेट्रोनं जाते, संध्याकाळी घरी येते, आईच्या हातचं जेवते. भाऊचं मत विचाराल, तर तो म्हणतो, "माझीच स्टुडंट."

यात थापेबाजी आहे हे कबूल, पण सगळी नाही. टक्केवारी, काळ-काम-वेग, रक्ताची नाती, बैठकव्यवस्था, हे अ‍ॅप्टीतलं सगळं तो खरोखर झकास शिकवतो. इतके महिने दुसरं काही केलेलंच नाही त्यानं. त्याच्या हाताखालची पोरं एकामागून एक पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसून हिंजवडीला गेली. त्यांना पोहोचवायला गणेशपेठेपर्यंत तोच जातो, बॅगा डिकीत तोच टाकतो आणि सीट बदलून मिळावी म्हणून क्लीनरशीही तोच भांडतो.

तर तुमच्या घरी सातव्या सेमिस्टरचं कोणी असेल, तर खुशाल त्याच्याकडे पाठवा. फी घेत नाही. चहाचे पैसे तेवढे पोरानं द्यावेत, आणि 'जॉइनिंग कधी?' हा प्रश्न सोडून काहीही विचारावं.