हरकतदार

हौशी घोडेस्वारीच्या स्पर्धेला घोडा, स्वार, पंच आणि पशुवैद्य एवढे चार घटक पुरेसे आहेत, अशी नियमपुस्तक वाचणाऱ्याची समजूत होते. परंतु नागपूरकडच्या स्पर्धा पाहिलेल्यांना पाचवा घटकही चांगला ठाऊक असतो. हा पाचवा घटक घोड्यावर बसत नाही, घोड्याला हात लावत नाही, किंबहुना घोड्याच्या मागून जायची वेळ आली तर दहा हात लांबून जातो. तरीही कोणता घोडा आणि कोणता स्वार मैदानात उतरावा याविषयी त्याचे मत पंचांपेक्षा ठाम असते, आणि ते तो तोंडी न सांगता दोन प्रतींत लिहून देतो. अमुक स्वार किंवा अमुक घोडा या गटात खेळण्यास पात्र नाही, अशा लेखी आक्षेपाला हरकत म्हणतात, आणि ती घेण्यात ज्याची हयात गेली त्याला येथे हरकतदार म्हटले आहे.

हरकतदार बहुधा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला असतो, आणि त्यातही आस्थापना शाखेतून, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, बढत्या व सेवापुस्तके सांभाळणाऱ्या शाखेतून निवृत्त झालेला असेल तर त्याच्या तोडीचा दुसरा सापडत नाही. कारण ज्याने उभी नोकरी इतरांच्या जन्मतारखा तपासण्यात घालवली, त्याला निवृत्तीनंतर शाळकरी स्वारांच्या जन्मतारखा तपासल्यावाचून करमत नाही, हे स्वभावाला धरूनच आहे. त्याच्या काखेत चेनची प्लास्टिक फाइल असते आणि तीत नियमपुस्तकाची झेरॉक्स, कोरे कागद, कार्बन पेपर, गुंडाळी केलेला मोजपट्टा आणि प्रतिस्पर्धी मुलांच्या शाळांचे जुने वार्षिकांक असतात, कारण कोणता मुलगा कोणत्या वर्षी कोणत्या इयत्तेत होता हे वार्षिकांकाइतके दुसरे काही सांगत नाही. तो खोगिराला सीट आणि रिकिबीला पायडल म्हणतो, पण कलमाचा क्रमांक सांगताना कधी चुकत नाही. मैदानावर त्याचे कुणी ना कुणी असतेच: पुतण्या, नात, क्वचित साडूचा मुलगा. त्या मुलाचा घोडा अडथळ्यापुढे थबकला तरी हरकतदाराची मान वर होत नाही, कारण त्या वेळी तो पुढच्या स्वाराचा प्रवेशअर्ज वाचत असतो.

त्याचे पहिले प्रेम वयावर. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या नियमांत 12 ते 14 वर्षांची मुले, 14 ते 18 वर्षांचे कनिष्ठ स्वार आणि 16 ते 21 वर्षांचे तरुण स्वार असे गट आहेत, आणि त्यांत वय वाढदिवसापासून न मोजता कॅलेंडर वर्षावरून मोजतात; म्हणजे कनिष्ठ स्वार ज्या वर्षी 14 पूर्ण करणार असेल त्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून, ज्या वर्षी 18 पूर्ण करील त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत कनिष्ठच राहतो. ही तरतूद भांडणे टाळण्यासाठी केलेली असली, तरी हरकतदार तीत डिसेंबरअखेर जन्मलेल्या मुलांचा कट पाहतो. "काहून भाऊ, हा पोट्टा अठराचा वाटते का तुम्हाले?" असा प्रश्न तो पंचांना विचारतो, आणि जन्मदाखला पुढे केला की दाखल्यावर नव्हे, तर मुलाच्या मिशांवर बोट ठेवतो.

घोड्यांचे वय तर त्याहून रंजक, कारण उत्तर गोलार्धातील सर्व घोडे 1 जानेवारीला आणि दक्षिण गोलार्धातील सर्व घोडे 1 ऑगस्टला एका वर्षाने मोठे होतात, असे नियमाने धरलेले आहे. महाराष्ट्रातील एका पिढीचे वाढदिवस जसे शाळेतल्या गुरुजींनी 1 जूनला नेऊन बसवले, तसेच हे. प्रत्येक घोड्याला पासपोर्ट असतो आणि त्यात त्याच्या कपाळावरचा टिळा, पायांवरचे पांढरे पट्टे, अंगावरचे भोवरे यांची आकृती काढलेली असते, शिवाय मानेत सूक्ष्म चिप बसवलेली असते. हा बंदोबस्त नवा नाही. लष्करी पाहणीच्या दिवशी भाड्याची घोडी आणून उभी करण्याची लबाडी मोडण्यासाठी अल्लाउद्दीन खलजीने घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचे हुलिये, म्हणजे चेहरेपट्टीचे वर्णन, लिहून ठेवण्याची पद्धत घातली होती, आणि अकबराने ती पुढे चालवली. हरकतदाराला हा इतिहास माहीत नसतो, मात्र त्याची नजर थेट त्याच कारकुनांच्या वंशातली असते.

हरकतदाराचे खरे कौशल्य पाहायचे तर पोनीची उंची मोजली जात असताना पाहावे. पोनी म्हणजे घोड्याचे शिंगरू नव्हे, तर ठरावीक उंचीच्या आतला घोडा. मान जिथे पाठीला मिळते तिथल्या उंचवट्यापर्यंत तो नालाशिवाय 148 सेंटिमीटर आणि नालासह 149 सेंटिमीटर यांपेक्षा उंच असता कामा नये. मोजणी सपाट, कठीण जमिनीवर व्हावी लागते, म्हणून हरकतदार आधी जमिनीवर हरकत घेतो आणि खिशातली गोटी फरशीवर ठेवून ती कोणत्या बाजूला घरंगळते ते सर्वांना दाखवतो. फरशी बदलली की तो नालांकडे वळतो आणि नाल झिजलेले असतील तर पूर्ण एक सेंटिमीटरची सूट कशी देता, असे विचारतो. मग घोड्याने मान खाली घातली तर उंचवटा वर येतो की खाली जातो यावर चर्चा होते, मोतद्दार लगाम धरून जांभया देतो, पशुवैद्य मोजकाठीची आडवी पट्टी तिसऱ्यांदा खाली सरकवतो, आणि तेवढ्यात घोडा शेपटी उडवून पाय बदलतो. आकडा 147 आला की हरकतदार तो स्वतःच्या वहीत लिहून घेतो. समाधान झाले म्हणून नव्हे, पुढच्या वर्षी घोडा वाढला का ते पाहण्यासाठी.

हौशी कोणाला म्हणावे हा मात्र खोल पाण्यातला विषय आहे. जो पैसे घेऊन दुसऱ्याचे घोडे फिरवतो किंवा शिकवणी देतो तो व्यावसायिक, आणि जो स्वतःच्या खर्चाने हौस भागवतो तो हौशी, अशी ढोबळ विभागणी अनेक देशांच्या नियमांत आढळते, आणि अमेरिकेत तर एवढ्याच प्रश्नावर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. मराठी मुलखाला हा भेद नवा नाही: स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतला घोडा मिळणारा तो बारगीर, नागपूरकर भोसल्यांच्या ज्या फौजा अठराव्या शतकात बंगालवर गेल्या, त्यांचे नाव तिकडे याच बारगिरांवरून बर्गी असे पडले. आजच्या हरकतदाराच्या मते त्याचा पुतण्या, भाड्याच्या घोड्यावर बसत असला तरी, शिलेदार असतो आणि समोरचा प्रत्येक मुलगा बारगीर. समोरच्या मुलाने शेजाऱ्याच्या घोड्याला आठवडाभर फेरी मारून आणली आणि शेजाऱ्याने संत्राबर्फीचा डबा दिला, तर तो डबा मोबदला ठरतो की आपुलकी, यावर हरकतदाराने पुरवणी जोडून लिहिलेला अर्ज विद्यापीठाच्या प्रबंधात सहज खपून जाईल.

त्याला वेळेचे भान मात्र विलक्षण असते, आणि त्याचे कारण नियमातच आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पात्रतेबाबतची हरकत स्पर्धा सुरू होण्यापूर्वी किमान 30 मिनिटे आधी, आणि निकालाबाबतची हरकत निकाल जाहीर झाल्यापासून 30 मिनिटांच्या आत, सहीनिशी लेखी द्यावी लागते, आणि सोबत अनामत रक्कम भरावी लागते. सामान्य पालक तर्रीपोहे खाऊन मैदानावर येतो तोवर पहिली मुदत उलटून गेलेली असते. हरकतदार तासभर आधी येऊन पंचांच्या टेबलासमोरची खुर्ची धरतो. अनामत म्हणजे आपल्या म्हणण्यावरचा आपलाच विश्वास, असे तो मानतो, आणि ती भरण्यासाठी पुतण्याच्या वडिलांकडे हात पसरतो.

बाहेरचे खेळाडू आणू नयेत हे त्याचे आवडते तत्त्व. ते तत्त्व वर्धा मार्गावर जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमपर्यंत मात्र पोहोचत नाही. विदर्भाने 2017-18 मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हा संघात मुंबईचा वसीम जाफर आणि कर्नाटकचा गणेश सतीश होता, आणि 2024-25 च्या जामठ्यातील अंतिम सामन्यात केरळविरुद्ध कर्नाटकच्याच करुण नायरने शतक काढले. या तिघांपैकी एकाच्याही अधिवासाचा दाखला हरकतदाराने कधी मागितलेला नाही, उलट पेढे वाटलेले आहेत. विसंगती दाखवून दिली तर तो म्हणतो, "ते बाहेरचे नाही भाऊ, आपल्या विदर्भाचे हायेत."

घोड्यांचा हंगाम नसतो तेव्हाही तो रिकामा बसत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरातली मुले लाकडी नंदी सजवून आणतात आणि सजावटीला व वेशभूषेला बक्षिसे असतात. तिथे नंदी मुलाने सजवला की आईने, आणि तो घरचा की शेजाऱ्याकडून मागून आणलेला, हा तपास त्याच्याकडे आपोआप येतो. शंकरपटात, म्हणजे विदर्भातील बैलजोड्यांच्या शर्यतीत, जिचे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर हे नामांकित ठिकाण आहे, त्याला आणखी वाव मिळतो, कारण खुल्या गटाशिवाय गावगटही असेल तर जोडीतला एक बैल गावचा आणि दुसरा पाहुण्यांचा असताना ती जोडी कोणत्या गावची, हा प्रश्न जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याला सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी या शर्यती बंद केल्या, 16 डिसेंबर 2021 रोजी महाराष्ट्रात त्यांना पुन्हा वाट दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या साडेसात वर्षांत बैलांची जेवढी पंचाईत झाली, त्याहून हरकतदाराची अधिक झाली असावी. स्पर्धाच नाही म्हटल्यावर माणसाने हरकत घ्यायची कशावर?

एवढे हसून झाल्यावर त्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवणे न्यायाचे आहे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींच्या स्पर्धेचे, सांघिक सुवर्ण स्वीडनने जिंकले, आणि पुढच्या वर्षी ते काढून घेऊन फ्रान्सला देण्यात आले. सैन्यातून येणारा स्वार कमिशनप्राप्त अधिकारीच असला पाहिजे, खालच्या हुद्द्याचा सैनिक पगारी स्वार समजावा, असा त्या काळी नियम होता. स्वीडनच्या गेनॅल पर्सन या सार्जंटला स्पर्धेपुरती बढती देऊन नंतर पुन्हा खाली आणले होते. पर्सनच्या स्वारीत कुणाला खोट दिसली नव्हती, खोट हुद्द्यात होती. पण नियम अक्षरशः लावला गेला म्हणूनच तो किती हास्यास्पद आहे हे जगाला दिसले. 1952 च्या हेलसिंकीपासून तो रद्द झाला, स्त्रियांनाही प्रवेश मिळाला, आणि पर्सनने स्वीडनच्या संघातून तेव्हा आणि पुन्हा 1956 मध्ये सुवर्णपदक मिळवले. नियम वाचणारा एक तरी माणूस मैदानावर असल्याशिवाय वाईट नियम उघडा पडत नाही, आणि नागपुरात तो माणूस बहुधा हाच असतो, मग त्याचा हेतू पुतण्याच्या कांस्यपदकापुरताच का असेना.

ज्या वाचकांना हा नमुना प्रत्यक्ष पाहायचा असेल त्यांनी कोणत्याही घोडेस्वारी स्पर्धेला जाहीर वेळेच्या तासभर आधी जावे आणि पंचांच्या टेबलाजवळ उभे राहावे. उशिरा गेल्यास फक्त घोडे पाहायला मिळतात.